‘गलबत’च्या दहा गाण्यांचा पुकारा

१

रत्नागिरीत कुणाला आपली गोष्ट सगळ्या शहराच्या कानावर घालायची असली, तर तो आत्माराम पावसकरला शोधत यायचा. सर्कस आली, दातांचा डॉक्टर आला, पाणीपट्टीची मुदत संपत आली, की रिक्षाच्या टपावर दोन भोंगे बांधून आत्माराम निघालाच. आवाज असा, की मांडवीत बोलला तर भाट्यात म्हैस मान वर करील. घरात मात्र त्याचं काही चालत नसे. ‘देवानं सगळा आवाज रस्त्यासाठी दिलाय, घरासाठी काही ठेवलंन नाय,’ असं त्याची बायको गोदा म्हणायची, आणि आत्माराम त्यावरही काही बोलत नसे.

शहाऐंशीच्या शिमग्याला पंधरा दिवस असताना गुलाम रसूलनं त्याला बोलावणं धाडलं. रामआळीत गुलाम रसूलचं कॅसेटचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या टांगून केलेला स्टुडिओ. तिथं त्यानं सबंध वर्ष खपून एक कॅसेट तयार केली होती. ‘गलबत’ पार्टीची दहा गाणी, जिल्ह्यातल्या दहा जणांच्या आवाजात. त्यात एक भजनी बुवा होते, एक ड्रॉइंगचे मास्तर होते, नमनाच्या खेळात राधा होणारा एक बाप्या होता. कोण कुठलं गाणं गाणार यावरून भांडणं झाली, दोघं रुसून गेले, दोघांना चहा पाजून परत आणलं.

‘गलबत’ म्हणजे चार पोरं, दोन गिटारी आणि एक ड्रम. गुलाम रसूलच्या भावानं बहारीनहून आणलेली लाल गिटार त्यांच्यातल्या रघूच्या गळ्यात. अडीच मिनिटांत गाणं खलास. गिटारी अशा कडाडायच्या की कानाला दडे बसावेत, आणि चाल इतकी गोड की बायका भांडी घासताना गुणगुणत. सायकलवरून जाणारी मुलगी, भाट्याच्या पुलावरचा वारा, चुकलेली एसटी, असले विषय. म्हाताऱ्यांनी नावं ठेवली आणि लपून ऐकलं. रघूला जाऊन या शिमग्यात चार वर्षं होत होती.

“पुकारा तूच कराचा, आत्मारामभाई,” गुलाम रसूल म्हणाला. “तू त्या पोरांस्नी पहिला कार्यक्रम मिळवून दिलास. शेवटी बी तूच व्हतास त्यांच्यासंगती.”

आत्मारामनं मान हलवली. गादीच्या खोलीत बसून त्यानं एका दमात पुकारा सांगितला: ‘रत्नागिरीकर रसिक हो, आपल्या लाडक्या गलबतची दहा गाणी, दहा नव्या आवाजांत. कैलासवासी रघूच्या आठवणीसाठी. येत्या रविवारी दुपारी चार वाजता माळनाक्याच्या मंगल कार्यालयात, रघूच्या मातोश्री हौसाबाई यांच्या हस्ते कॅसेटचं प्रकाशन.’ मग गाण्याचा एक तुकडा, आणि पुन्हा तोच पुकारा. गुलाम रसूलनं तो कॅसेटीच्या दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा भरून दिला, म्हणजे आत्मारामला रिक्षात बसून नुसतं शेंगदाणे खायचं काम उरलं.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास रिक्षा मिरकरवाड्याच्या धक्क्यावर पोचली. रिक्षा अलीची. अली हा तीन गाड्या मोडून चौथी चालवणारा गृहस्थ, पण भोंग्याच्या कामाला त्याच्यासारखा हळू चालवणारा कोणी नव्हता. पुकारा तिसऱ्यांदा संपला. गाण्याचा तुकडा वाजला. आणि मग भोंग्यातून आत्मारामचाच आवाज आला, थोडा दमलेला, थोडा घाबरलेला.

‘मी नको म्हटलं होतं, तरी पोरं चपला घालून सहाणेवर चढली.’

शेंगदाणा आत्मारामच्या दातात तसाच राहिला. हे वाक्य त्यानं त्या खोलीत उच्चारलं नव्हतं.

२

धक्क्यावर लिलाव चालला होता. काशीराम नावाचा लिलाव पुकारणारा लाकडी खोक्यावर उभा राहून सुरमईची बोली लावत होता. भोवती पंचवीस-तीस माणसं, बायका, टोपल्या, बर्फाचं पाणी. वाक्य संपलं आणि काशीरामचा आवाज मध्येच तुटला.

आधी त्याचा पाय ओढला गेला. तो खोक्यावरून तोंडावर आपटला. मग त्याच्याभोवतीची माणसं वाकली. कोणी ओरडलं नाही, कोणी शिवी दिली नाही, हेच आत्मारामला पुढं कित्येकदा आठवत राहिलं. माणूस मारताना निदान काहीतरी बोलतो. ही माणसं मुकाट्यानं मारत होती. बर्फ फोडायची मोगरी वर गेली आणि खाली आली. एका कोळणीनं हातातलं सूप टाकलं, लुगड्याचा काष्टा घट्ट केला, आणि ती पायानं लाथा घालू लागली. ओल्या लाद्यांवर हाडाचा एक आवाज झाला. आत्मारामला तो आवाज माहीत होता.

“अली, अरे सोडव त्याला,” आत्माराम म्हणाला. स्वतःच्या जागेवरून तो उठला नाही.

अलीनं काचेतून समोर बघत गाडी बंद केली, एवढंच.

मग ते थांबलं. जसं सुरू झालं तसंच. माणसं सरळ झाली. कोळणीनं सूप उचललं. मोगरीवाला बर्फाच्या लादीकडे परत गेला आणि फोडू लागला. आणि मग कोणीतरी खाली बघितलं व ओरडलं, “अगो बाय, काशीरामाला काय झाला?” सगळे धावले. त्याला उचललं, तोंडावर पाणी मारलं. पुढचे चार दात गेले होते, डावा हात कोपरापासून भलतीकडे वळला होता. “पडला वाटतं खोक्यावरना,” माणसं एकमेकांना सांगत होती. कोळणीच्या पायाच्या अंगठ्याला रक्त होतं. तिनं ते बघितलं आणि माशाचं समजून पाण्यानं धुतलं.

“काय झालं रे तिकडं?” अलीनं विचारलं.

“तू बघितलं नाहीस?”

“मी तं हितंच बसलेलो. कोन तरी पडला ना?”

आत्मारामनं हात पुढं करून टेप बंद केला. त्याच्या मनात एकच विचार आला, आणि तो त्याला स्वतःलाच फार शहाणा वाटला: ऊन लागलं असेल.

३

गुलाम रसूलच्या गादीच्या खोलीत त्यांनी ती कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. एक बाजू, मग दुसरी. वाक्य नव्हतं.

“जुन्या कॅसेटवर भरलंस काय?” आत्मारामनं विचारलं. “खाली आधीचं काही राहिलं असेल.”

“कोरी व्हती. पाकीट तुज्यासमोर फोडलं. काय ऐकलंस तू?”

आत्मारामनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते त्यानं चार वर्षं गोदालासुद्धा सांगितलं नव्हतं.

ब्याऐंशीचा शिमगा. उंबरकोंडला ‘गलबत’चा कार्यक्रम आत्मारामनंच जमवून दिला होता. दुपारी सामान उतरलं आणि बघतात तो वायर पुरेना. देवळातून वीज घेतली तर ती जेमतेम समोरच्या सहाणेपर्यंत पोचत होती. सहाण म्हणजे जांभ्या दगडाचा चौथरा. शिमग्यात देवाची पालखी आणून बसवायची ती तिथं. एरवी पोरं त्यावर बसतात, कुत्री झोपतात, पण शिमग्याचे दिवस सुरू झाले की त्यावर पाय पडता कामा नये, आणि चपलेचा तर नाहीच. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. रघू रत्नागिरीत वाढलेला, तरी त्यालाही ठाऊक होतं, म्हणून तर तो विचारायला आला. देवळाच्या मागं, एकटा.

“आत्मारामदा, वायर तिथवरच जाते. सहाणेवर मांडू काय?”

आत्माराम पान लावत होता. “मांड रे. वायरी आहेत, चपला पायात राहू दे. पालखी संध्याकाळची. तोवर तुमचं आटपेल. गावकऱ्यांना मी सांगतो.”

आणि तो सांगायला विसरला. कोणाशी तरी गप्पांत लागला, कोणी तरी सरबत दिलं, आणि विसरला. चूक एवढीच. एवढ्या चुकीला कोणी फाशी देत नाही.

पालखी वेळेआधी आली. चौथं गाणं चाललं होतं. ढोल थांबले, गिटारी थांबल्या, आणि माणसांनी सहाणेवर पायताणं बघितली. गावचा मानकरी एवढंच म्हणाला, “कोनी सांगितलान ह्यांस्नी?” माईक आत्मारामच्या हातात होता. त्यानं भोंग्यातून सगळ्या उंबरकोंडला ऐकवलं: मी नको म्हटलं होतं, तरी पोरं चपला घालून सहाणेवर चढली.

रघू त्याच्याकडे बघत होता. त्याला काही बोलायचं होतं. तेवढ्यात त्याचा पाय ओढला गेला.

माईक आत्मारामच्या हातून खाली पडला तो चालूच राहिला. त्यामुळे रघूला मारल्याचा प्रत्येक आवाज भोंग्यातून मोठा होऊन आला, सात-आठ मिनिटं, डोंगरापलीकडच्या वाडीपर्यंत. बाकीचे तिघे मोडलेल्या हातापायांनी वाचले आणि मुंबईला निघून गेले. परवानगीची गोष्ट त्या तिघांना माहीत नव्हती. त्यांनाही वाटलं, रघूनं आगाऊपणा केला. कोर्टात दीडशे माणसांपैकी एकानंही काही बघितलं नव्हतं. आत्मारामचीही साक्ष झाली. त्यानं तेच वाक्य पुन्हा सांगितलं, आणि ते त्याला पहिल्या वेळेपेक्षा सोपं गेलं.

“भाई, घाम फुटलाय तुला,” गुलाम रसूल म्हणाला. “पंखा लावू काय?”

४

शुक्रवारी आत्मारामनं कॅसेट नेलीच नाही. स्वतः माईकवर बोलायचं ठरवलं. आपलं तोंड, आपली जीभ. तिच्यावर आपला ताबा आहे की नाही ते कळेल, असा त्याचा हिशेब होता, आणि सकाळभर तो बरोबर ठरला. परटवणे, गोखले नाका, शिवाजीनगर. पुकारा करायचा, माईकचं बटण बंद करायचं, गाडी पुढं. अकरापर्यंत त्याला भूकसुद्धा लागली. मारुती मंदिरापाशी त्यानं अलीला गाडी उभी करायला सांगितली आणि वडापाव मागवला.

समोर एका दुकानाची पाटी रंगवायचं काम चाललं होतं. पेंटर रावजी शिडीवर होता. निळा रंग, पांढरी अक्षरं. खाली चार माणसं उभी राहून, कुठलं अक्षर वाकडं झालंय ते त्याला सांगत होती. रत्नागिरीत काम करणारा एक असला तर सांगणारे चार असायचेच. आत्मारामनं माईक मांडीवर ठेवला होता. बटण बंद होतं. त्यानं ते अंगठ्यानं पुन्हा तपासलं.

भोंगा खरखरला.

‘मी नको म्हटलं होतं,’ त्याचा आवाज म्हणाला.

आत्मारामनं वायर उपटली. बॅटरीच्या दोन्ही तारा त्याच्या मुठीत होत्या, ॲम्प्लिफायरचा लाल दिवा विझला होता. भोंग्यानं वाक्य पुरं केलं.

शिडी एका झटक्यात ओढली गेली. रावजी डबड्यासकट खाली आला. सांगणारे चौघं वाकले, मग दुकानदार बाहेर आला, मग रसवंतीवरचे दोघं, एक पोस्टमन, आणि मग रिक्षाचं दार वाजलं. अली उतरून चालत तिकडं निघाला होता. रोज नमाज चुकू न देणारा, आपल्या कोंबड्याची मानसुद्धा दुसऱ्याकडून कापून घेणारा अली. माणसांना बाजूला सारून तो आत घुसला आणि त्यानं मूठ वर उचलली. पोस्टमननं आधी पिशवी नीट बाजूला ठेवली होती.

या वेळी आत्माराम उतरला. आपण का उतरलो ते त्याला कळलं नाही. सोडवायचं धैर्य त्याच्यात नव्हतं, हे तो पहिल्या पावलालाच समजून चुकला. तरी तो जवळ गेला, आणि पायांच्या फटीतून त्याला खाली पडलेला माणूस दिसला. निळा रंग आणि रक्त एकत्र होऊन फरशीवर पसरलं होतं. तोंड रावजीचंच होतं, नाक फुटलेलं, एक डोळा मिटलेला. दुसरा डोळा आत्मारामवर होता. वरून लाथ बसत होती तरी तो डोळा हलत नव्हता. ओठ मात्र हलले.

“आत्मारामदा,” तो अगदी साध्या, अदबीच्या आवाजात म्हणाला, “सहाणेवर मांडू काय?”

रावजी पेंटरनं जन्मात आत्मारामला ‘दा’ म्हटलं नव्हतं.

मग माणसं सरळ झाली. पोस्टमननं पिशवी खांद्याला अडकवली. आरडाओरडा झाला, शिडीला शिव्या देण्यात आल्या, कोणीतरी टेम्पो थांबवला आणि रावजीला सिव्हिलला नेलं. अली येऊन गाडीत बसला. त्याच्या उजव्या हाताची कातडी बोटांच्या सांध्यांवर सोललेली होती, आणि मनगटापर्यंत निळा रंग होता.

“ह्यो हात कशान खरचटला रे माजा?” तो हात उलटापालटा करून बघत म्हणाला. “आत्मारामभाई, तू का रडतंस?”

५

दोन गोष्टी आत्मारामच्या ध्यानात आल्या. मार खाणारा प्रत्येक वेळी उंचावर उभा होता, खोक्यावर, शिडीवर. आणि रविवारी मंगल कार्यालयाच्या स्टेजवर हौसाकाकी उभी राहणार होती.

शनिवारी दुपारी तो शिरगावला तिच्या घरी गेला. हौसाकाकी पडवीत बसून वाळवलेली कोलंबी, सुकी सुंगटं, निवडत होती. साठीच्या पुढची बाई, हाडापेरानं मजबूत, पण मुलगा गेल्यापासून बोलणं कमी झालेली. तिच्या नाकाच्या शेंड्यावर एक जुना, काळा पडलेला वण होता. आत्माराम गेली चार वर्षं तिच्याशी बोलताना तो टाळून कानाकडे बघत असे.

“ये रे बाबा. बस. पानी घे,” ती म्हणाली.

“काकी, उद्या तू येऊ नकोस.”

“का रे बाबा?”

“ऊन असतं. गर्दी. तुला झेपणार नाही.”

“उंबरकोंडला दर शिमग्याला चालत जातंव मी. ता झेपता, आनि ह्या नाय झेपनार?” ती सुंगटाचं डोकं मोडून सुपात टाकत म्हणाली. “चार वरसा झाली. नारळ फोडतंव, सहाणंवर नाक घासतंव, गाऱ्हाना घालतंव. माज्या पोरान तुजा मान मोडलान, देवा, त्याची चूक पदरात घे. मानकरी बी आता बरा बोलता. पैल्या वरसाला दगड मारलेनी मना.”

आत्मारामनं तांब्या खाली ठेवला. आता सांगायचं. एवढं सरळ होतं ते. पडवीत तिसरं माणूस नव्हतं, भोंगा नव्हता. काकी, रघूनं विचारलं होतं मला. सहा शब्दही लागले नसते. ज्या जिभेवर त्याचं पोट चालत होतं तिच्यावर त्यानं तांब्यातलं उरलेलं पाणी ओतलं. त्याला तिच्या दुःखाची भीती वाटत नव्हती. तिच्या हातचं पाणी यापुढं मिळणार नाही याची भीती वाटत होती. इतका तो हलका माणूस होता, आणि हे त्याला त्या क्षणी स्वच्छ कळलं.

“उद्याच्याला मना एक काम बी कराचा हाय,” हौसाकाकी म्हणाली. “शाल आनलीय मी. कोनाला ता इचारू नको. येशील ना येळेवर?”

“येईन,” आत्माराम म्हणाला.

६

रविवारी तीन वाजताच तो मंगल कार्यालयात पोचला आणि खिशातल्या ब्लेडनं त्यानं स्टेजमागच्या सगळ्या वायरी कापल्या. माईकची, भोंग्यांची, टेपची. तुकडे खिडकीतून बाहेर फेकले. गुलाम रसूल आला तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला.

“उंदरांनी काय रे खाल्लान? आता गानी कशी वाजवाची?”

“असू दे,” आत्माराम म्हणाला. “हॉल लहान आहे. मी मोठ्यानं बोलतो.”

दोनशे खुर्च्या भरल्या. पहिल्या रांगेत ते दहा गाणारे, इस्त्रीचे कपडे, अत्तर. भजनी बुवांनी डोळ्यांत काजळ घातलं होतं. अली दाराशी उभा होता, हाताला फडकं गुंडाळून. आत्मारामनं माईकविना सूत्रसंचालन केलं आणि त्याचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत आला. काही झालं नाही. हौसाकाकी स्टेजवर आली. तिनं चमकीच्या कागदात बांधलेली कॅसेट सोडवली, दोन्ही हातांनी वर धरली. टाळ्या झाल्या. ड्रॉइंगच्या मास्तरांनी डोळे पुसले. आत्मारामच्या छातीवरचं ओझं उतरत गेलं. भोंगाच नाही तर बोलणार कोण? आता पाच मिनिटं, मग चहा, मग घर. उद्या सकाळी काकीकडे जाऊन सांगून टाकू, असंही त्यानं ठरवलं. असं तो चार वर्षांत पुष्कळदा ठरवत आला होता.

“मना दोन शबूद बोलाचे हायत,” हौसाकाकी म्हणाली.

तिनं पिशवीतून शाल काढली.

“माज्या रघूचा नाव तुमी काडलाव, लय झाला. पन ह्या आत्मारामाचा मान कोनी केला नाय.” तिनं शाल त्याच्या खांद्यावर घातली, नीट दोन्हीकडे सारखी केली. “त्या दिवशी त्यान सांगितलान व्हता. कोर्टात बी बोललान. ह्यो नको म्हनला व्हता, तरी माजा पोर चपला घालून सहाणंवर चडला.”

पहिल्या रांगेतल्या खुर्च्या मागं सरकल्या. भजनी बुवा उठले, मास्तर उठले. नमनातला राधा उठला आणि त्यानं शर्टाच्या बाह्या वर सारल्या. गुलाम रसूलनं हातातला हार टेबलावर ठेवला. मागं, एका रांगेनंतर दुसरी रांग उभी राहत गेली. दाराशी अलीनं आतून कडी घातली आणि तो पुढं चालत आला. कोणाच्याच तोंडावर राग नव्हता.

“हे काय रे?” हौसाकाकी म्हणाली. मग भजनी बुवांनी तिच्या पायाला हात घातला, आणि तिला समजलं.

पाय झाडून ती मागं सरली. आडोसा घ्यायला तिथं एकच माणूस होता. ती आत्मारामच्या पाठीमागं गेली आणि तिनं शालीसकट त्याचा सदरा दोन्ही मुठींत धरला. तिचा श्वास त्याच्या मानेवर लागत होता.

“आत्माराम, सांग त्यास्नी. तुजा आयकतील.”

७

तो बाजूला झाला असता तर वाचला असता. हे त्याला दिसत होतं. एक पाऊल डावीकडं, एवढंच लागत होतं. सात-आठ मिनिटं डोळे मिटून उभं राहायचं, मग सगळे म्हणतील म्हातारी स्टेजवरून पडली. तोही म्हणेल. हळूहळू सोपं जाईल.

मास्तरांच्या हातात खुर्चीचा मोडलेला पाय होता. बुवा स्टेजवर गुडघा टेकून चढत होते.

“मीच सांगितलं होतं,” आत्माराम म्हणाला.

हे हळूच आलं. मग त्यानं छाती भरून घेतली, आणि उभ्या रत्नागिरीला ठाऊक असलेल्या आवाजात तो बोलला. खिडक्यांची तावदानं थरथरली.

“रघू मला विचारायला आला होता. देवळामागं. सहाणेवर मांडू काय म्हणाला. मी मांड म्हटलं, चपला राहू दे म्हटलं. गावकऱ्यांना सांगतो म्हटलं, आणि विसरलो. तो विचारल्याशिवाय चढला नव्हता. माईकवर मी खोटं बोललो. कोर्टात खोटं बोललो. त्यानं कुणाचा मान मोडला नाही.”

माणसं थांबली.

बुवांचा गुडघा स्टेजवर तसाच राहिला. त्यांनी डोळे मिचकावले. मास्तरांनी हातातल्या लाकडाकडे बघितलं. एकेकाच्या चेहऱ्यावर जाग येत गेली, गाढ झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडावर येते तशी, आणि आत्मारामला वाटलं, संपलं. रडू येईल असं त्याला वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्याला पुरता श्वास घेता आला.

पण मास्तरांनी लाकूड खाली ठेवलं नाही. ते आता आत्मारामकडे बघत होते. अलीही बघत होता, गुलाम रसूलही. त्यांच्या नजरेत ओळख होती. धक्क्यावरच्या आणि शिडीखालच्या माणसांच्या डोळ्यांत ती नव्हती. हे सगळे पूर्ण जागे होते आणि आपण काय करणार आहोत हे त्यांना माहीत होतं. तरी कोणी हललं नाही. ते कशासाठी तरी थांबले होते. आत्मारामला आधी ते कळलं नाही. मग कळलं, की ते त्याच्या खांद्यावरून मागं बघताहेत.

पाठीवरचा सदरा अजून घट्ट धरलेला होता.

“काकी,” मान न वळवता तो म्हणाला.

“चार वरसा,” हौसाकाकी म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. “चार वरसा मी पोराचा गुन्हा म्हनून दगडावर नाक घासलंव. तू पडवीत बसून माज्या हातचा पानी प्यालास.”

“काकी, मी काल सांगणार होतो.”

मग तिच्या मुठी सुटल्या. आधी एक, मग दुसरी. सदरा पाठीवर मोकळा झाला आणि तिथं थोडा वारा लागला.

नंतर दोन तळहात त्याच्या पाठीला टेकले. म्हातारीच्या हातांत एवढा जोर असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. स्टेज जेमतेम कमरेएवढं उंच होतं, पण तो खाली पोचायच्या आधीच पुष्कळ हात वर आले होते.